सात वर्षांतली पाच चांगली

उन्हाळी कांदा चाळीत भरण्याआधी निवडायला बसलेली बाई आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या हाताशी ना वजनकाटा, ना फूटपट्टी. कांदा उचलला की हात आपोआप वळतो. गोल्टी एकीकडे, मध्यम दुसरीकडे, मोठा तिसरीकडे. तिला विचारा, "वहिनी, हा कांदा किती ग्रॅमचा?" ती नुसती हसेल. पण दोन कांदे पुढे धरून "यातला मोठा कोणता?" असे विचारा, उत्तर द्यायला तिला मान वर करावी लागणार नाही. माप सांगणे अवघड, क्रम लावणे सोपे. हे तिला शाळेत कोणी शिकवलेले नाही.

या क्रम लावण्याचे एक मोठे शास्त्र आहे. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायचे, आणि पहिल्या जागेवर साधारण किती येईल, दुसऱ्या जागेवर किती, मधल्या आणि शेवटच्या जागेवर किती, याचा हिशेब करायचा. ऐकायला हा पंडितांचा उद्योग वाटतो. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, हाच हिशेब आपल्या पीक विम्याच्या पैशांत येऊन बसला आहे, आणि बहुतेक घरांत त्याची गंधवार्ता नाही. म्हणून आज तो थोडा निवांतपणे पाहू. घरात आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी असेल तर तिला वही-पेन्सिल घेऊन जवळ बसवा.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ साली आली. २०१८ साली तिच्या सुधारित मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत उंबरठा उत्पन्न कसे काढायचे ते सांगितले आहे. आपल्या महसूल मंडळाचे त्या पिकाचे मागच्या सात वर्षांचे उत्पन्न घ्यायचे, त्यांतली सर्वांत चांगली पाच वर्षे निवडायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने गुणायचे. हा जोखीमस्तर ७०, ८० किंवा ९० टक्के असतो. यंदाचे उत्पन्न पीक कापणी प्रयोगांतून ठरते. ते उंबरठ्याच्या खाली गेले, तर जितके खाली गेले त्याला उंबरठ्याने भागायचे आणि विमा संरक्षित रकमेने गुणायचे. ती भरपाई. उंबरठ्याच्या वर राहिले, तर काही नाही.

"सर्वांत चांगली पाच" हे शब्द पुन्हा वाचा. सातांतली पाच निवडायची म्हणजे आधी सात आकडे क्रमाने लावावे लागतात आणि खालचे दोन सोडावे लागतात. गोल्टी बाजूला काढण्याचाच हा प्रकार. आता प्रश्न असा, की गोल्टी काढल्यावर ढिगाची सरासरी किती वाढते? उत्तर ढिगाढिगावर आहे. सगळे कांदे जवळपास सारखे असतील तर फारशी वाढत नाही. लहानमोठे खूप असतील तर बरीच वाढते.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी मनाने घेतले आहेत. सरकारी कागदावर ते हेक्टरी असतात, आपण एकरी किलोत धरू. पीक रब्बी ज्वारी. तीन मंडळे आहेत आणि तिन्हींची सात वर्षांची सरासरी बरोबर ४२० किलो.

पहिले मंडळ विहिरींचे. एक-दोन पाणी नक्की मिळते. तिथली सात वर्षे क्रमाने लावली तर ३८०, ४००, ४१०, ४२०, ४३०, ४४०, ४६०. दुसरे मंडळ माळरानाचे, सगळा भरवसा पावसावर आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर. तिथे ६०, १३०, २१४, ३१९, ४५९, ६६९, १०८९. तिसरे मंडळ कालव्याचे. कालवा सुटला की पीक छान, नाही सुटला की हाहाकार. तिथे ७०, ३५०, ४८०, ४९०, ५००, ५१०, ५४०. बेरीज करून पाहा, तिन्हींची २९४० येते.

आता खालची दोन वर्षे सोडा. विहिरींच्या मंडळात उरलेल्या पाचांची सरासरी ४३२. माळावर ती ५५० होते. कालव्यावर ५०४. सत्तर टक्के जोखीमस्तर धरला तर उंबरठे अनुक्रमे सुमारे ३०२, ३८५ आणि ३५३. सरासरी एकच, उंबरठे तीन.

याचा खिशावर परिणाम काय होतो? एकरी दहा हजार रुपये विमा संरक्षित रक्कम धरू. आठव्या वर्षी माळावर ३१९ किलो आले. हे त्या मंडळाचे अगदी मधले, नेहमीचे म्हणावे असे वर्ष. तरीही ते ३८५ च्या खाली आहे, म्हणून एकरी सुमारे १,७१४ रुपये मिळतील. विहिरींच्या मंडळात मात्र सातांतले सर्वांत वाईट वर्ष ३८० चे. त्याला एक पैसाही नाही. तिथे उत्पन्न ३०० पर्यंत कोसळले, म्हणजे सरासरीपेक्षा एकरी १२० किलोंनी घटले, तरी हाती पडतील ७९ रुपये. त्या मंडळातला शेतकरी चिडून म्हणेल, की शेजारच्या मंडळाला मिळाले आणि आम्हाला डावलले. डावलले नाही. त्याच्या आकड्यांचा घाटच तसा आहे. ज्याचे पीक स्थिर, त्याला हा विमा क्वचितच उपयोगी पडतो. हे हप्ता भरण्याआधी माहीत असलेले बरे.

माळाच्या मंडळाचे आकडे मी उगाच घेतले नाहीत. त्यामागे आपल्याच मातीतल्या एका माणसाचे काम आहे.

सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते लंडनला गेले आणि तिथे संख्याशास्त्रात डॉक्टर झाले. १९३७ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एका खास घाटाच्या आकड्यांचा विचार केला होता. बहुतेक आकडे लहान, आणि अधूनमधून एखादा फार मोठा, असा तो घाट. असे आकडे क्रमाने लावले की शेजारच्या दोन आकड्यांत जे अंतर पडते त्याला एक सुंदर नियम असतो, हे त्या कामातून पुढे आले. सात आकडे असतील तर शून्यापासून पहिल्यापर्यंतचे अंतर सरासरीचा सातवा हिस्सा, पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत सहावा हिस्सा, मग पाचवा, चौथा, तिसरा, निम्मा, आणि शेवटचे अंतर अख्ख्या सरासरीएवढे. ४२० चा सातवा हिस्सा ६०, सहावा ७०, पाचवा ८४, चौथा १०५, तिसरा १४०, निम्मा २१०, आणि शेवटी ४२०. एकावर एक रचत जा. ६०, १३०, २१४, ३१९ असे माळाच्या मंडळाचे आकडे हुबेहूब उभे राहतील. मुलीला करायला लावा, तिला गंमत वाटेल.

अर्थात प्रत्यक्षातली कोणतीही सात वर्षे अशी नेमकी येत नाहीत. अशा घाटाच्या जमिनीवर सात-सात वर्षांचे शेकडो संच पाहायला मिळाले, प्रत्येक संच क्रमाने लावला, आणि सगळ्या संचांतल्या सर्वांत खालच्या वर्षांची सरासरी काढली, तर ती ६० भरेल. खालून दुसऱ्यांची १३०. असा त्याचा अर्थ. शेकडो सात वर्षे जगायला कोणाला वेळ आहे? सूत्र हाताशी असले की जगावे लागत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

सुखात्म्यांचे पुढचे आयुष्यही आपल्या बांधाशीच जोडलेले राहिले. भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी पीक कापणीचे प्रयोग शास्त्रशुद्ध पायावर उभे केले. कोणते शेत घ्यायचे, शेतात कोणत्या कोपऱ्यापासून किती पावले जायचे, हे माणसाच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायचे, ही त्यातली कळ. या दोघांचे शेतीसाठी संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि कृषी महाविद्यालयांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. पुढे सुखात्मे जागतिक अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. बुधसारख्या गावातला मुलगा तिथवर गेला, हे पाठ्यपुस्तकात का नसावे, असे मला नेहमी वाटते. असो.

माळाचा घाट एक. पण विहिरीचा आणि कालव्याचा घाट वेगळा आहे. प्रत्येकासाठी वेगळे सूत्र शोधत बसायचे काय? यावर जॉन ट्यूकी या अमेरिकन शास्त्रज्ञाने युक्ती काढली. त्याने असे एक सूत्र मांडले, की त्यातला एकच आकडा फिरवला तर घाट बदलतो. एका जागी ठेवला तर सर्व उत्पन्ने सारख्याच संभवाची. दुसऱ्या जागी ठेवला तर मध्ये फुगीर, दोन्ही बाजूंना निमुळता, घंटेसारखा घाट. १९७४ साली रॅमबर्ग आणि श्माइझर या दोघांनी त्याला आणखी आकडे जोडून ते चार केले. तंबोऱ्याला चार खुंट्या असतात, तसेच हे. एक खुंटी घाट कुठे उभा आहे ते ठरवते, दुसरी तो किती पसरला आहे ते, आणि उरलेल्या दोन मिळून तो कोणत्या बाजूला कलला आहे आणि त्याची शेपटी किती लांब आहे ते. खुंट्या पिळून सूर लावला, की सातांतल्या पहिल्या, दुसऱ्या, मधल्या वर्षाची सरासरी कागदावर काढता येते.

सुरातला फरक किती पडतो तेही सांगतो. वर्षावर्षाच्या चढउताराचे जे माप असते, त्याला शाळेत प्रमाण विचलन म्हणतात. खालची दोन वर्षे सोडल्याने सरासरी किती वाढते? घंटेच्या घाटात त्या मापाच्या शंभरात ४२ भाग. माळासारख्या घाटात, जिथे शेपटी वरच्या बाजूला असते, तिथे ३१ भाग. आणि तोच घाट उलटा केला, म्हणजे बहुतेक वर्षे चांगली आणि एखादे फार वाईट, तर ४४ भाग. माळाच्या मंडळाचा उंबरठा एवढा वर गेला तो त्याच्या घाटामुळे नव्हे, चढउतार प्रचंड म्हणून.

ही खुंटी घरबसल्याही तपासता येते. तुमची स्वतःची सात वर्षांची पोती आठवा, क्रमाने मांडा आणि मधले वर्ष सरासरीशी ताडून पाहा. माळावर मधले वर्ष ३१९, सरासरी ४२०. म्हणजे एक-दोन भरघोस वर्षांनी सरासरी वर ओढली आहे, नेहमीचे वर्ष तिच्या खालीच. कालव्यावर मधले वर्ष ४९०, सरासरीच्या वर. तिथे एका बुडीत वर्षाने सरासरी खाली खेचली आहे. मुलीच्या लग्नाचा किंवा सोसायटीच्या कर्जाचा हप्ता ठरवताना माळावरच्या माणसाने ४२० धरले तर तो बहुतेक वर्षी तोंडघशी पडेल.

आता या नियमाची एक कडू बाजू. नियम दोन वाईट वर्षे माफ करतो. तिसरे करत नाही. कालव्याचे मंडळ पुन्हा घ्या. ७० आणि ३५० सोडून उंबरठा ३५३ होता. समजा नवे वर्ष १०० किलोंचे आले आणि ५४० चे जुने वर्ष सात वर्षांच्या खिडकीतून बाहेर गेले. आता ७० आणि १०० सुटतात, पण ३५० आत येते. उंबरठा ३२६ वर उतरतो. आणखी एक १२० चे वर्ष आले आणि ५१० चे गेले, तर उंबरठा सुमारे २७२. म्हणजे जसजसा माणूस बुडत जातो तसतशी त्याला हात देणारी काठीही बुडते. हा कागदावरचा खेळ नव्हे. मराठवाड्याने २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८ ही दुष्काळाची वर्षे पाहिली. २०१२ ते २०१८ ही सात वर्षे धरली तर त्यात चार. दोन सुटतात, दोन सरासरीत राहतात. सातांतली तीनच चांगली वर्षे उरलेल्या भागाला "सर्वांत चांगली पाच" देणारा नियम कुठून आणणार? माझ्या मते नियम वाईट नाही, पण तो सुटा-सुटा दुष्काळ पडतो असे गृहीत धरून केलेला दिसतो. आपल्याकडे दुष्काळ जोडीने येतो.

आणखी एक गोष्ट, आणि ही कोणत्याही घाटाला लागू आहे. पुष्कळांचा समज असतो की गेल्या सात वर्षांत जे सर्वांत वाईट पाहिले त्याहून वाईट आता होणार नाही. येणारे वर्ष धरून एकूण आठ वर्षे झाली. त्यांतले सर्वांत वाईट कोणते ठरेल? हवामान, बियाणे, पाणी यांत मोठा बदल झाला नसेल तर आठांपैकी कोणतेही, सारख्याच संभवाने. म्हणजे येणारे वर्ष सातांच्याही तळाखाली जाण्याचा संभव आठात एक. खालून दुसऱ्याच्या खाली जाण्याचा आठात दोन, म्हणजे रुपयाला चार आणे. यासाठी सूत्र नको की खुंट्या नकोत. घरात बियाण्यापुरते आणि खाण्यापुरते धान्य बाजूला ठेवताना आजी जे म्हणायची, त्याला एवढा हिशेब पुरेसा आहे.

इथवर कागदावरचा क्रम झाला. शेवटी नजरेच्या क्रमाकडे, त्या कांदा निवडणाऱ्या वहिनींकडे परत जाऊ. त्यांची ही कला एका ऑस्ट्रेलियन माणसाने थेट मोजणीला जुंपली.

मॅकिन्टायर त्याचे नाव. कुरणात गवत किती आहे हे त्याला मोजायचे होते. चौकट टाकायची, आतले गवत कापायचे, वाळवायचे, तोलायचे. एका चौकटीला केवढी मेहनत! पण तीन चौकटी शेजारी ठेवल्या तर कोणत्या चौकटीत जास्त गवत आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळते. १९५२ साली त्याने पद्धत मांडली. १९६६ साली अमेरिकेत टेक्सासच्या जंगलातल्या चाऱ्यावर ती तपासली गेली, आणि १९६८ साली ताकाहासी आणि वाकिमोतो या जपानी जोडीने तिचे गणित सिद्ध केले.

आपल्याला उभे गवत किंवा चाऱ्याचा उभा मका विकायचा वा घ्यायचा असेल तर ती अशी वापरता येईल. मीटर लांब, मीटर रुंद चौकट करा. रानात नऊ जागा ठरवा, पण नजरेने निवडू नका. चिठ्ठ्या टाका, जितकी पावले निघतील तितकी चाला. पहिल्या तीन जागा पाहून त्यांतली सर्वांत विरळ तेवढी कापा. दुसऱ्या तीन जागांतली मधली कापा. तिसऱ्या तिघांतली सर्वांत दाट कापा. तिन्ही तोला आणि सरासरी काढा. एका गुंठ्यात अशा सुमारे १०१ चौकटी बसतात, म्हणजे सरासरीला १०१ ने गुणले की गुंठ्याचा अंदाज. नऊ जागा पाहिल्या, कापल्या तीनच.

या तीन कापण्या, नजर बरोबर असेल तर, वाटेल तिथे केलेल्या जवळजवळ सहा कापण्यांइतके काम देतात. रान एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सारख्या पायऱ्यांनी बदलत असेल तर बरोबर सहा. घंटेच्या घाटाचे असेल तर पावणेसहा. माळासारखे, बहुतेक विरळ आणि कुठे कुठे दाट ठिगळे, असे असेल तर पाच. इथेही घाट आडवा येतोच. अशा ठिगळांच्या रानात नऊऐवजी अठरा जागा घेऊन हाच फेरा दोनदा करावा.

आणि नजर चुकली तर? मधली म्हणून कापली ती खरे तर दाट निघाली, असे होणारच. अशा प्रामाणिक चुकांनी अंदाज एका बाजूला झुकत नाही. फक्त सहाचा फायदा घटत घटत तीनाकडे येतो, म्हणजे केलेल्या कापण्यांइतके तरी पदरात पडते. मात्र विकणाऱ्याने मुद्दाम दाट जागीच चौकट टाकली, किंवा घेणाऱ्याने विरळ जागी, तर मग कोणतेही गणित उपयोगाचे नाही. म्हणून पावले मोजताना दोघांनीही बांधावर हजर राहावे, आणि चिठ्ठ्या तिसऱ्याच्या हाताने काढाव्यात.